मांडीवरचं मूल आणि घरी राहिलेली कार सीट



सुट्ट्या जवळ आल्या की या सदरासाठी एक प्रश्न हमखास येतो. "बाळाला घेऊन पहिल्यांदाच विमानाने गावी जातोय. काय काय न्यायचं?" प्रश्न विचारणारी आई कधी हैदराबादला असते, कधी गुरुग्रामला, कधी कोची किंवा कोलकात्याला. गाव मात्र साताऱ्याकडचं, विदर्भातलं, खानदेशातलं किंवा कोकणातलं असतं. म्हणजे विमान एका शहरात उतरतं आणि पुढे दोन-चार तासांचा रस्ता उरतो.

आज याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण उत्तर त्या चुकीतूनच मिळालं.

आम्ही बंगळुरूला राहतो. सासर साताऱ्याचं. लेक दीड वर्षाची असताना आम्ही पहिल्यांदा तिला घेऊन विमानाने निघालो. आठ दिवस आधीपासून मी याद्या करत होते. बाबागाडी, खेळणी, तीन प्रकारचा खाऊ, नऊ जोड कपडे, बाटल्या गरम करायचं यंत्रसुद्धा! दारात सामानाचा ढीग बघून नवरा म्हणाला, "अगं, काहीतरी कमी कर." मी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यातल्या त्यात अवजड वस्तू कमी केली. ती होती कार सीट. विमानात तर ती लागणार नव्हती!

पुण्याला दीर गाडी घेऊन आले होते. लेक माझ्या मांडीवर. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, दिरांनीही मारला. गाडी वेळेत थांबली, कुणाला धडक बसली नाही. पण लेक माझ्या हातांतून निसटली आणि तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. मी तिला घट्ट धरलं होतं. नक्की धरलं होतं. तरी निसटली.

टेंगूळ आलं, दोन दिवसांत गेलं. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. पण तो क्षण अजून माझ्या हातांत आहे. त्या दिवसापासून सामान बांधताना मी "विमानात काय लागेल?" हा प्रश्न आधी विचारत नाही. "घराच्या दारापासून गावच्या दारापर्यंत, कुठल्या टप्प्यावर काय लागेल?" असं विचारते. चला, तसंच टप्प्याटप्प्याने जाऊ.

पहिला टप्पा : तिकीट

आपल्याकडे दोन वर्षांखालचं मूल आईवडिलांच्या मांडीवर बसून, कमी भाड्यात प्रवास करू शकतं. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. म्हणून जाताना मूल पावणेदोन वर्षांचं असेल आणि परतायच्या आधी वाढदिवस होत असेल, तर परतीचं पूर्ण तिकीट काढावं लागतं. वयाचा पुरावा जवळ ठेवा, कारण काउंटरवर तो मागतात. मांडीवरच्या बाळासाठी सामानाची वेगळी मुभा असेलच असं नाही. बाबागाडी आणि कार सीट फुकट नेता येते का, हेही प्रत्येक विमान कंपनीचं वेगळं असतं. तिकीट काढतानाच विचारून घ्या.

जुळी असतील किंवा दोन मैत्रिणी आपापली बाळं घेऊन निघाल्या असतील, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एका बाजूच्या रांगेत मांडीवरचं एकच बाळ बसवतात. कारण साधं आहे. तीन सीटच्या वर ऑक्सिजनचे साधारण चारच मास्क असतात, म्हणजे एकच जास्तीचा.

दुसरा टप्पा : विमानतळ

इथे कामाची वस्तू म्हणजे बाबागाडी. मूल झोपलं तर झोपू दे, पिशव्या दांडीला लटकवू द्या. फक्त फार जड लटकवू नका, मूल उचललं की गाडी मागे कोलमडते. सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीच नेऊ नका, लिफ्ट शोधा.

सुरक्षा तपासणीत बाबागाडी घडी करून यंत्रातून पाठवावी लागते आणि बाळाला कडेवर घ्यावं लागतं. म्हणून एका हाताने मिटणारी गाडी बरी. पोटाशी बांधायचं बेबी कॅरिअर असेल तर तेही कदाचित सोडायला लावतील. बाळाचं दूध, पाणी, पेज असं प्रवासापुरतं सोबत नेता येतं. ते एका वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे उघडून दाखवायला सांगितलं तर सगळी बॅग उपसावी लागत नाही. नखं कापायची छोटी कात्री मात्र मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत हवी, ती मोठ्या बॅगेत चालत नाही.

बाबागाडी बहुतेक ठिकाणी विमानाच्या दारापर्यंत नेऊन तिथे देता येते. देण्याआधी तीन कामं करा. टॅग लावून घ्या, सुटे भाग काढून बॅगेत टाका आणि मोबाइलवर एक फोटो काढा. आणि हा प्रश्न विचाराच, "उतरल्यावर दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर?" आम्ही पहिल्यांदा हे विचारलं नव्हतं. झोपलेली लेक आणि दोन बॅगा घेऊन विमानाच्या दारात बराच वेळ उभे राहिलो, आणि गाडी आधीच पट्ट्यावर फिरत होती! वस्तू मोडकी मिळाली तर विमानतळ सोडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार करा. घरी पोहोचून केलेल्या तक्रारीचं फारसं काही होत नाही.

तिसरा टप्पा : आकाश

खरं तर इथे सगळ्यात कमी सामान लागतं. देशातला प्रवास एक ते तीन तासांचा. देशांतर्गत मार्गांवरच्या लहान विमानांत पाळणा मिळत नाही, तो लांबच्या मोठ्या विमानांत पुढच्या भिंतीला लावतात. त्यामुळे त्याची वाट बघू नका.

सीटखाली मावेल अशी एक पिशवी पुरते. त्यात असावं ते असं : उड्डाणाच्या दर दोन तासांमागे एक आणि वर दोन असे डायपर, ओले टिश्यू, बाळाचा एक आणि आईचा एक जोड कपडा, पातळ दुपटं, खाऊ, पाणी, बाळाची नेहमीची औषधं आणि दोन छोटी खेळणी. आईचा जोड विसरू नका. उलटी झाली की ती बहुतेक वेळा आपल्याच अंगावर होते.

विमान उतरू लागलं की मुलं रडतात, ते हट्टाने नाही. केबिनमधला हवेचा दाब वाढतो आणि घशापासून कानाच्या आतपर्यंत जाणारी बारीक नळी लवकर उघडली नाही तर कान दुखतो. गिळताना ती नळी उघडते. म्हणून दूध, पाण्याची बाटली किंवा चघळायचा खाऊ चढताना संपवू नका, उतरण्यासाठी राखून ठेवा. उतरणं चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजू नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट जास्तच अस्वस्थ होतात, आणि लहान मुलांत ते धोक्याचंही ठरू शकतं.

मांडीवरच्या बाळासाठी आपल्याकडे एक छोटा पट्टा देतात, तो आपल्या पट्ट्यात अडकवतात. आपला पट्टा आधी, मग बाळाचा. दोघांना एकाच पट्ट्यात कधीही बांधू नका, झटका बसला तर आपलं सगळं वजन बाळावर येतं.

मांडी पुरेशी आहे का, हा प्रश्न विमानाच्या जगातही जुना आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे एक विमान कोसळलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. त्या विमानात मांडीवरची चार मुलं होती. त्यांच्यासाठी वेगळी सीट नव्हती, म्हणून तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना आईवडिलांच्या पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं गेलं. त्यातलं एक मूल गेलं. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन पुढे अनेक वर्षं एकच मागणी करत राहिल्या, की लहान मुलालाही स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा. अमेरिकेतही दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेण्याची मुभा अजून आहे.

हे घाबरवायला सांगत नाही. विमानप्रवास आज खूपच सुरक्षित आहे. पण जमत असेल तर बाळासाठी सीट घ्यावी. तिथे कार सीट लावायची तर ती विमानात वापरायला मान्य असल्याची खूण तिच्यावर हवी आणि विमान कंपनीला आधी कळवायला हवं. ती सहसा खिडकीच्या जागी लावतात, म्हणजे इतरांचा रस्ता अडत नाही.

चौथा टप्पा : रस्ता

आता माझ्या चुकीकडे येते. अख्ख्या प्रवासात बाळाला सर्वांत जास्त जपायचं असतं ते विमानतळ ते गाव या रस्त्यावर. आणि आपण नेमके तिथेच निर्धास्त होतो, कारण गाडी घरची, चालवणारं माणूस घरचं.

एक साधा हिशोब करा. गाडी ताशी ५० किलोमीटरने जातेय आणि धडकेत एक दशांश सेकंदात थांबली. तेव्हा १० किलोचं मूल सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. १४० किलो कुणाच्या हातात राहतील? माझ्या वेळी तर धडकही नव्हती, नुसता ब्रेक होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीत १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सुरक्षा सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड आहे. पण दंडासाठी नको, या हिशोबासाठी बांधा.

कार सीट मागच्या सीटवर लावा. लहान बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, निदान सव्वा वर्षापर्यंत, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तर पुढेही. अशी उलटी सीट पुढे, एअरबॅग समोर असताना, कधीही लावू नका. घट्ट लावल्यावर पट्ट्याच्या जागी धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा लावा. जाड स्वेटर काढून मग पट्टे बांधा, दुपटं वरून घाला. अपघातात सापडलेली किंवा जिचा इतिहास माहीत नाही अशी जुनी सीट घेऊ नका.

विमानात सामानात देताना ती जाड पिशवीत किंवा मूळ खोक्यात घाला. टॅक्सीने जाणार असाल तर टॅक्सीत सीट नसणार असंच धरून चाला.

घरच्यांशी बोलणं हा यातला अवघड भाग. घाटातला प्रसंग झाल्यावरही सासरे म्हणाले होते, "अगं, आमची पोरं मांडीवरच वाढली की!" मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "बाबा, तेव्हा रस्त्यावर ट्रक किती होते आणि तुमची गाडी किती जोरात पळायची?" ते काही बोलले नाहीत.

पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "ती खुर्ची आणू नकोस. इथे एक घेऊन ठेवलीय. लावून बघितली. तांदळाची १० किलोची पिशवी बांधून घाटापर्यंत एक फेरी मारून आलो. हलली नाही."

त्या वेळी आमच्या घराच्या दारात दोनच बॅगा होत्या.

तुमच्या यादीतून तुम्ही काय काढलंत, आणि काय काढायला नको होतं? जरूर लिहून कळवा. वाटेत असाल तर बाळाला आधी बांधा, मग लिहा.