तंबोरा जुळवता आला म्हणजे

बारावीचे निकाल लागून प्रवेशांची गडबड सुरू झाली की बडोद्याच्या स्टेशनावर दरवर्षी एकच देखावा दिसू लागतो. आई फराळाचा डबा पुन्हा पुन्हा तपासते, वडील नसत्या चौकश्या करीत राहतात, आजोबा नातवाच्या खिशात गुपचूप नोट सरकवतात. कोणी पुण्यास निघालेला असतो, कोणी बंगळूरास, कोणी मुंबईमार्गे थेट कॅनडास. गाडी हलते आणि दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील आणखी एका घरात दोघेच उरतात.

या प्रसंगावर आपल्या मंडळींत हळहळ फार होते, विचार मात्र थोडा होतो. मुले राहिली नाहीत, वाडे राहिले नाहीत, मराठीही राहावयाची नाही, असे गाऱ्हाणे हल्ली प्रत्येक लग्नकार्यात ऐकू येते. पण आपण या गावी आलो ते तरी कोणाचे घर सोडूनच ना? अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक, गवई असे नाना तऱ्हेचे लोक इकडे आले. मागे घाटावर आणि कोकणात त्यांच्याही आया दारात उभ्या असतील. त्यांनी तेव्हा मुलांना अडविले असते, तर आज गाऱ्हाणे मांडावयास आपण येथे नसतो. तेव्हा मुलांनी जावे की न जावे हा वाद आपल्या तोंडी शोभत नाही. जाताना ती काय घेऊन जातात आणि परत आली तर त्यांना येथे काय मिळते, एवढेच पाहावयाचे आहे.

दरबारी गवयाच्या घरात मी वाढलो आणि गाणे शिकविणे हाच माझा व्यवसाय. त्यामुळे मला ही गोष्ट तंबोऱ्यावरून उमगते. तंबोरा एका गावाहून दुसऱ्या गावी नेला की हवा बदलते आणि तारा उतरतात किंवा चढतात. गुरूने घरी कितीही सुरेल जुळवून दिला, तरी तो तसा राहत नाही. खुंटी पिळून सूर जवळ आणणे, मणी सरकवून तो नेमका लावणे, घोडीवरच्या तारेखालचे सूत हलवून जवारी उघडणे, हे ज्याचे त्याला आले पाहिजे. आज मोबाइलवर बोट ठेवताच तंबोरा वाजू लागतो. सोय खरोखर मोठी आहे. पण केवळ तिच्यावर शिकलेल्या मुलाच्या हाती खरा तंबोरा दिला की ते बावरते. सूर ऐकण्याची सवय त्याला असते, लावण्याची नसते.

आपल्या घरांतही हेच चालले आहे. मूल मराठी ऐकते, बोलतेही. पण शाळा इंग्रजी किंवा गुजराती, म्हणून वाचताना अडखळते आणि लिहिण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. आरती होते, पण ध्वनिमुद्रिका लावून. मूल नुसत्या टाळ्या वाजविते. कुलाचार पार पडतो, पण तो आजीच्या लक्षात असतो म्हणून. जोवर मोठी माणसे जवळ आहेत तोवर सारे सुरात वाटते. मूल परगावी एकटे पडले की पहिल्याच हवापालटात सगळ्या तारा उतरतात.

घराबाहेर जाऊनही टिकेल असे शिक्षण कसे द्यावे, हे या शहरास नवे नाही. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि तिच्या आधारे पुस्तके छापली. उस्ताद समोर नसतानाही चीज विद्यार्थ्यापाशी राहावी, याची ती सोय होती. त्यांचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेस गेले आणि पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी विचारांचे आचार्य म्हणून नावारूपास आले. हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये मिरजेस झाला. पण अब्दुल करीम खाँ व ताराबाई यांच्या या कन्येने आडनाव लावले ते बडोदेकर. गाव सुटले, तरी गावाचे नाव मैफली-मैफलींतून फिरत राहिले.

आपणा साध्या गृहस्थांना हे कसे साधावे? उपाय मोठे नाहीत. मात्र निरोपाच्या आदल्या दिवशी करावयाचेही नाहीत. घरातील एखादे काम मुलाकडे पूर्णपणे सोपवावे आणि ते त्याचेच आहे असे मानावे. माझी थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी बंगळूरास गेली. त्याआधी वर्षभर तिच्याकडे एकच नेम दिला होता. साताऱ्यास राहणाऱ्या माझ्या आत्यांना ऐकू कमी येते, फोनचा उपयोग होत नाही. त्यांना दर महिन्यास मराठीत पत्र धाडावयाचे. पहिली चार-पाच पत्रे तिने कुरकुरत लिहिली. पाचव्याला आत्यांचे उत्तर आले, त्यात तिच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखविल्या होत्या आणि खाली माझ्या लहानपणीच्या दोन खोड्या लिहिल्या होत्या. तेव्हापासून कुरकुर थांबली. आता ते पत्र बंगळूरहून जाते. त्याची आठवण मी करून देत नाही.

दुसरी गोष्ट परत येणाऱ्यांची. तिच्याविषयी या शहराने एक कठोर धडा पाहिला आहे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानने शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले. १९१७ मध्ये ते संस्थानच्या सेवेसाठी येथे आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. तिजोरीने मुक्तहस्ताने पाठविले, आणि गावाने एक खोली दिली नाही. त्या अन्यायाशी आपल्या घरगुती अडचणींची तुलना होऊ शकत नाही. पण त्यातून शिकावयाचे ते शिकले पाहिजे. आज आपलाच मुलगा परजातीची किंवा परभाषेची सून घेऊन आला, मुलीने आपल्या पसंतीचा जावई आणला, तर वाड्यात त्यांच्यासाठी खोली आहे काय? तेथे दार लावून घ्यावयाचे आणि मग मुले परत येत नाहीत म्हणून रडावयाचे, हा न्याय नव्हे.

येत्या गणेशचतुर्थीस एवढे करून पाहावे. ज्या घरातील मूल पुढच्या वर्षी जाणार असेल, त्याच्या हाती पूजेचे तबक द्यावे, मोबाइल बंद ठेवावा आणि आरती त्यालाच सुरू करू द्यावी. चाल चुकेल, एखादे कडवे सुटेल. मोठ्यांनी मध्येच तोंड घालू नये. चुकलेला सूर त्याचा त्यालाच सापडू द्यावा.