पोरगं गळत नाही, त्याला हाकलतात

परवा रात्री साडेअकराला एक पोरगा खोलीवर आला. परभणीकडचा. पुण्यात एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. घटाघटा पाणी प्याला आणि म्हणाला, ‘‘दादा, उद्या नाव काढतो.’’

‘‘का रे?’’

‘‘मेसवाल्याचे तीन महिने थकले. कॉटचे दोन. बापाची कंबर धरलीय, आई एकटीच कापूस वेचायला जाती. आन् मी इथं बसून मागणी-पुरवठा पाठ करतोय. लाज वाटती, दादा.’’

मी त्याला म्हणणार होतो, बाबासाहेबांकडं बघ. जीभ अडली. कारण हेच वाक्य एकदा मला ऐकवलं होतं, आणि ऐकवणाऱ्यानं चहाचे पैसेसुद्धा दिले नव्हते. मीही सोडलं. एक सत्र राहिलं होतं. ‘पुढच्या वर्षी येतो’ म्हणालो. कुणाला सांगितलं नाही, कुठं कागद लिहिला नाही. ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही.

म्हणून हे लिहितोय.

सरकारी अहवालात याला ‘गळती’ म्हणतात. दोस्तहो, नळ गळतो. छप्पर गळतं. माणूस गळत नाही, माणसाला ढकलतात. ढकलणाऱ्याचं नाव लपवायचं असलं की असले गोंडस शब्द काढतात. पोरगं गळालं! म्हणजे दोष पोराचा. त्याला झेपलं नाही, त्याची पात्रता नव्हती.

मग पात्रतेचा हिशेब एकदा मांडूच.

पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्यांनी भांडून मिळवलेला हा हक्क आहे, कुणाच्या बापाची खैरात नाही. आता आजचे दर बघा. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत पाहिजे. साधं बी.ए., एम.ए. करणाऱ्या आणि वसतिगृहात नसलेल्या पोराला निर्वाहभत्ता वर्षाला ३,००० रुपये. महिन्याचे २५०. दिवसाचे आठ रुपये. आठ रुपयांत आज टपरीवरचा चहासुद्धा मिळत नाही. आणि हाच पोरगा ‘फुकटचं खातो’ म्हणून वर्गात ऐकतो!

वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार आहे. पुण्या-मुंबईसाठी कागदावर ६०,००० वर्षाला. या पोराचा अर्ज एका टेबलावर ‘त्रुटी’ शेरा घेऊन पडलाय. कसली त्रुटी, ते कारकून सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, भाडेकरार, आधार, बँक, ओटीपी. एवढे कागद गोळा करणाऱ्या पोराला खरं म्हणजे ह्याच कामाची पदवी द्यायला हवी. पोट मात्र त्रुटी दूर व्हायची वाट बघत नाही. ते रोज दोनदा पेटतं.

पुढची गंमत ऐका. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ठरवलं, शिष्यवृत्तीत ६० टक्के आमचे, ४० टक्के राज्याचे. आमचे पैसे थेट पोराच्या खात्यात. ऐकायला झकास. पण फीचेही पैसे त्याच खात्यात येतात आणि कॉलेज त्याच्याच मानगुटीवर बसतं. एक हप्ता आज, दुसरा कधी ते देवालाही ठाऊक नाही, आणि आपल्याला तर देवही नाही. मधल्या काळात बाप आजारी पडला, ते पैसे दवाखान्यात गेले, की पोरगं चोर! सरकारनं उशीर केला तर ती ‘तांत्रिक अडचण’. पोरानं उशीर केला तर परीक्षेचा फॉर्म अडला.

आणि नवं शैक्षणिक धोरण आलं २०२० साली. त्यात ‘एक्झिट’ची सोय आहे. एक वर्षानं बाहेर पडा, सर्टिफिकेट घ्या. दोन वर्षांनी पडा, डिप्लोमा घ्या. साहेब, बाहेरचं दार आम्हाला दाखवायची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही बाहेरच होतो. आत टिकायची सोय काय केली, ते बोला. ज्याच्या बापाची कंबर शाबूत आहे तो त्या दारानं जाणार नाही. कोण जाणार, हे धोरण लिहिणाऱ्याला ठाऊक नाही काय?

हे झालं त्यांचं. आता आपलं.

आपल्यातले साहेब झालेले लोक जयंतीला हजाराची पावती फाडतात. डीजेला लाख जमतात. त्याच वस्तीतली पोरगी साडेतीन हजारांच्या मेसबिलापायी पेटी बांधून गावाकडं जाते, तेव्हा कुणाला पत्ता नसतो. पुतळ्याचं बोट पुस्तकाकडं असतं आणि आपण त्या बोटाला हार घालतो. आरक्षणानं खुर्चीवर बसलेल्या भावांनो, तुमची फीसुद्धा याच योजनेतून गेली होती. ते कर्ज आहे. फेडा.

आणि आपण कार्यकर्ते? सोडून गेलेल्याला भित्रा म्हणतो, चळवळीतून बाद करतो. आई एकटी रानात राबत असताना ज्याला पुस्तक टोचतं तो भित्रा नव्हे. तो माणूस आहे.

आता बाबासाहेबांकडं बघू, पण नीट. १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली, ती बोटच बुडाली. करारापोटी बडोद्यात नोकरीला गेले, तिथं राहत्या जागेतून हाकलले गेले. पुढं सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पै पै साठवली. शाहू महाराजांनी मदत दिली. नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं. १९२० साली परत लंडन, १९२१ ला एम.एस्‌सी., १९२३ ला डी.एस्‌सी.

यात आपण एक गोष्ट कधी सांगत नाही. निघताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेतली होती. पैसा संपला म्हणून पाय निघाला, पण नाव त्यांनी तिथंच ठेवलं. थांबणं वेगळं आणि सोडणं वेगळं. त्या दोहोंत फरक फक्त एका कागदाचा असतो. मी तो कागद लिहिला नाही.

तेव्हा दोस्तहो, भाषण पुरे. कामं ऐका.

कुणी ‘नाव काढतो’ म्हणाला की आधी त्याला जेवू घाला. मग त्याच्याबरोबर विभागप्रमुखाकडं जा. खंड मागा, सत्र पुढं ढकलायची विनंती करा, पण लेखी. पोच घ्या. तोंडी आश्वासनावर आपल्या सात पिढ्या मेल्यात.

मूळ सर्टिफिकेटं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, हे यूजीसीनं २०१८ सालीच लिहून दिलंय. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले तर भरलेल्या फीतला पैसा परत मिळत नाही, हेही त्याच कागदात आहे. तारखा बघून पाऊल उचला.

‘त्रुटी’ असेल तर कोणती, ते माहितीच्या अधिकारात विचारा. एकट्यानं नाही. वीस जणांनी, एकाच दिवशी.

प्रत्येक वस्तीत जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला वाटा मेसबिलासाठी बाजूला काढा. नाही काढला तर मिरवणुकीत हिशेब विचारा.

आणि शेवटचं. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब होता. एक लाख पंचाहत्तर हजार. विसरू नका. थकलेल्या पैशाची लाज विद्यार्थ्याची नसते, थकवणाऱ्याची असते. ती लाज घेऊन एकट्यानं रात्र काढू नका. कुणाचंही दार वाजवा, रात्री साडेअकराला वाजवा.

त्या पोरानं दुसऱ्या दिवशी नाव काढलं नाही. अर्ज दिला, पोच घेतली. मेसवाल्याला आम्ही चौघांनी मिळून एक महिन्याचे दिले, दोनचे राहिलेत. तो गावी गेलाय, कापूस संपला की येतो म्हणालाय.

येईल की नाही, हे त्याच्या एकट्यावर नाही. आपल्यावरही आहे.

जय भीम.