मागं राहिलेला शेतकरी म्हणता, तं आधी बांधीत उतरा



मागच्या आठवड्यात एका प्रशिक्षणाला गेलो होतो. पडद्यावर घंटेसारखी आकृती दाखवली. नवीन गोष्ट सगळ्यात आधी करणारे २.५ टक्के, त्यांच्या मागचे १३.५, मग ३४, पुन्हा ३४, आणि शेवटचे १६ टक्के "मागे राहणारे". सायबांनी हसत विचारलं, "तुमच्यातले हे १६ टक्के कोण?" सारे हसले. मी नाही हसलो. श्री पद्धत एक वर्ष करून सोडणाऱ्यांत मी आहो.

घरी येऊन पुतण्याच्या मोबाईलवर वाचून पाहिलं. ही मांडणी अमेरिकेतल्या एव्हरेट रॉजर्स यांची, पुस्तक १९६२ चं. ते स्वतः शेतकऱ्याचे पोर. त्यांच्या बापानं संकरित मका कितीतरी वर्षं लावला नाही. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला अन् आपला वाळला, तेव्हा लावला. पुढं रॉजर्स यांनीच लिहून ठेवलं की नवीन ते चांगलंच असं धरून चालणं आणि न घेणाऱ्याच्या माथी दोष मारणं, या दोन्ही चुका आहेत. हे पान पडद्यावर काहून दाखवत नाही?

आता श्री पद्धत घ्या. ८ ते १२ दिवसांचं रोप, एका जागी एकच, २५ सेंमी अंतरावर, पाणी तुंबू द्यायचं नाही. कागदावर झकास. पण आंधळगावात माझ्या बांधीत वरच्या बांधीचं पाणी उतरते. जुलैत झड लागली तं एवढंसं रोप बुडून सडते. पावसानं दडी मारली तं पऱ्हे जागेवरच महिन्याचे होतात. दोरी धरून रोवणा करायला बाया जास्त मजुरी मागतात, आणि बरोबर मागतात, कारण काम हळू होते. मी सोडली ती हिशेब करून सोडली, अडाणीपणानं नाही.

दुसरीकडं एचएमटी धान पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ च्या धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या राखल्या, वर्षामागून वर्ष पेरून पाहिल्या, घड्याळाच्या नावावरून नाव ठेवलं. कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी १९९८ मध्ये आलं, तोवर हे धान शेतकऱ्यांच्या हातोहात पसरलं होतं. काहून? दाणा बारीक, भात चवीचा, बाजारात भाव. पायलीभर बियाणं आणा, एका बांधीत पाहा, जमलं तं पुढच्या वर्षी वाढवा. बुडालं तं एकच बांधी बुडते.

त्या आकृतीत पुढच्या रांगेत जास्त शिकलेला अन् जास्त जमिनीचा माणूस बसवतात. दादाजींना कुठं बसवलं असतं? १६ टक्क्यांतच ना!

आमचीही चूक सांगतो. बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाकून पोचट वेगळं काढा, हे मी कितीतरी वर्षं ऐकून सोडून दिलं. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, खर्च काहीच नाही. शेजाऱ्याचे पऱ्हे पाहिले तेव्हा सुरू केलं. इथं मला आळशी म्हणा, ऐकून घेईन.

पण प्रत्येक वेळी नाही. कृषी सहायक भाऊ, नवीन काही आणाल तं तीन गोष्टी आधी सांगा: एका बांधीत करून पाहता येते का, रोवण्याच्या घाईत किती हात जास्त लागतात, आणि बुडालं तं नुकसान कोणाचं? तिसऱ्याचं उत्तर "शेतकऱ्याचं" असेल, तं कधी घ्यायचं हेही शेतकरीच ठरवेल.

तुम्ही कोणती गोष्ट सोडली आणि काहून सोडली, खाली लिहा. लाज धरू नका. तोही अनुभवच आहे.