एकदा घाट उतरून बघा

सप्टेंबर उजाडला की तुमच्या फोनवर एक ठराविक रील यायला लागते. दगडी पूल, खालून वाहणारी रुंद नदी, पिवळी पडू लागलेली झाडं, काठावरच्या कॅफेत वाफाळती कॉफी. तुम्ही ती सेव्ह करता. कधी आकुर्डीच्या हॉस्टेलमध्ये कॉटवर पडून, कधी चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकून. त्यात गैर काहीच नाही. आपल्याकडे जर्मनचा ए-वन, ए-टू करणारी मुलं गल्लोगल्ली आहेत आणि जर्मन कंपन्यांच्या गाड्या तर चाकणलाच बनतात. मग तिकडची स्वप्नं पडणारच.

मीही ती रील सेव्ह केली होती. मागच्या सप्टेंबरमध्ये योग जुळून आला. माझी मावसबहीण स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात नोकरी करते. तिच्याकडे आठ दिवस राहिले.

शहर अगदी रीलमधल्यासारखंच निघालं. ऱ्हाइनच्या काठावर लाल दगडाचं जुनं कॅथेड्रल, १४६० सालचं विद्यापीठ, जुन्या पेठेतले चढउताराचे बोळ. नदी ओलांडायला लाकडी नावा आहेत. त्यांना ना इंजिन ना वल्हं. नदीवर आडवी तार ताणलेली असते, नाव त्या तारेला दोरानं बांधलेली, आणि प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो.

पण मी खरी थक्क झाले ती संध्याकाळी. ऑफिसं सुटली तशी माणसं घाटावर आली. कपडे, मोबाइल, बूट माशाच्या आकाराच्या एका रंगीत वॉटरप्रूफ पिशवीत कोंबले, पिशवी गळ्यात अडकवली आणि सरळ नदीत उतरली. प्रवाहाबरोबर वाहत वाहत खाली जायचं, घर जवळ आलं की बाहेर पडायचं. आजोबा होते, कॉलेजची मुलं होती. ताई म्हणाली, ‘‘चल, उतर.’’ मी पायरीवरच बसून राहिले. पोहता येत होतं, पण नदीत उतरायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी थेरगावात वाढले. घरापासून पवना दहा मिनिटांवर. आणि लहानपणापासून घरात एकच सूचना, नदीकडे जायचं नाही. घाण वास येतो, डास आहेत, टवाळ पोरं बसलेली असतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘ते स्वित्झर्लंड आहे, त्यांचं सगळं आधीपासूनच स्वच्छ.’ मलाही तसंच वाटत होतं. पण १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बाझलजवळ सँडोझ या कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी टनावारी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइनमध्ये गेलं. नदी लाल झाली. मासे मरून तरंगू लागले. खाली जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सपर्यंत हाहाकार उडाला, कारण ऱ्हाइनच्या पाण्यावर त्यांच्याही शहरांची तहान भागत होती. त्या आधीही ऱ्हाइन काही स्वच्छ नव्हतीच. तिला युरोपचं गटार म्हणत. आगीनंतर बाझलमधले लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी ऱ्हाइनकाठच्या देशांनी मिळून कृती कार्यक्रम आखला आणि त्याचं उद्दिष्ट शेंबड्या पोरालाही कळेल असं ठेवलं: २००० सालापर्यंत साल्मन मासा नदीत परत आला पाहिजे. त्यापाठी सांडपाण्यावर पैसा ओतला गेला, कारखान्यांना नियम लागले. मी ज्यांना नदीत उड्या मारताना बघत होते, त्यांतल्या आजोबांनी तीच नदी लाल झालेली पाहिली असणार.

म्हणजे बाझल हे रसायनांचं आणि औषधांचं गाव. आणि आपलं? पिंपरीच्या उद्योगाची सुरुवातच औषधापासून झाली. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाचं पेनिसिलिन इथं बनू लागलं. मग एमआयडीसी आली, वाहनउद्योग आला, १९८२ मध्ये महापालिका झाली, पुढं चाकण वाढलं. मला सांगा, तुलना करायला आणखी काय हवं?

आणि जुनेपणाचं म्हणाल तर आपण काय कालचे आहोत? चिंचवडगावात पवनेच्या काठावर मोरया गोसावींची समाधी आहे. गणपतीत घसा फोडून ‘मोरया’ म्हणता ना, तो मोरया इथला. भाद्रपदात इथून मोरगावला पालखी जाते. तिथून चालत काही मिनिटांवर चापेकरांचा वाडा. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडणारे ते चापेकर. इंद्रायणीवर देहू, जिथं तुकोबांची गाथा पाण्यात बुडवावी लागली. त्याच नदीवर आळंदी, जिथं १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. चाकणला संग्रामदुर्ग, जिथं १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. त्या किल्ल्याच्या जवळून रोज हजारो मुलं शिफ्टला जातात. त्यांतल्या किती जणांनी तो आत जाऊन पाहिलाय?

माझं म्हणणं एवढंच आहे की नदीकाठी वसलेलं असणं वेगळं आणि नदीचं शहर असणं वेगळं. आपल्याकडे पवना आहे, इंद्रायणी आहे, मुळा आहे. पण आपल्या सोसायट्यांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठ नदीकडे. नदीच्या बाजूला काय असतं? राडारोडा, भंगार आणि ड्रेनेजचे पाइप.

मग आपला आणि नदीचा संबंध येतो कधी? एक तर पुरात. धरणातून विसर्ग वाढला की मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरतं, तेव्हा आपण पुलावरून व्हिडिओ काढतो. किंवा पावसाळी पिकनिकला. १५ जून २०२५ चा रविवार आठवा. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जण गेले. आपल्यासारखेच पाणी बघायला आलेले लोक होते ते. नदी फुगली की आपण जीव धोक्यात घालून तिच्याकडे धावतो आणि ती शांत झाली की ढुंकून बघत नाही. खरं तर नदी बघायचा मोसम पाऊस ओसरल्यावरचा. भाद्रपद सरतो, अश्विन लागतो, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, काठावर गवताला तुरे येतात. पाणी पात्रात परत गेलेलं असतं, घाटाच्या पायऱ्या मोकळ्या होतात. युरोपात ज्याला ऑटम म्हणून पैसे मोजता, तो आपला शरद. इथं तो फुकट आहे.

फुकट आहे, पण स्वच्छ नाही, हेही आधीच सांगते. नाहीतर माझ्या सांगण्यावरून जाल आणि नाक धरून परत याल. आळंदीच्या इंद्रायणीवर बर्फासारखा तरंगणारा फेस तुम्ही फोटोंत पाहिला असेल. वरच्या गावांचं, शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांतून चोरून सोडलेलं पाणी, दोन्ही त्यात आहे. पुढं ही नदी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत जाते आणि तीही शेवटी भीमेतच पोहोचते. भीमा उजनीत जाते आणि तिथून पंढरपूरला. देहू-आळंदीहून पालख्या पंढरपूरला जातात आणि आपलं सांडपाणीही त्याच गावाला जातं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पवना धरणातून आपल्यासाठी सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून उचलायचं, निगडीला शुद्ध करायचं आणि मग ते तुमच्या नळाला. धरणातून थेट बंदिस्त जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा मावळातले शेतकरी विरोधात उभे राहिले. ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. २०१९ पासून आपल्याला दिवसाआड पाणी येतं आणि आपण टँकरवाल्याला फोन लावून मोकळे होतो. ज्या पाण्यापायी माणसं गेली, ते कुठून येतं हे बघायला रावेतला एकदा तरी जायला नको?

‘पण हे महापालिकेचं काम आहे, आम्ही काय करणार?’ काम महापालिकेचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचंच आहे. आणि आपली महापालिका काही गरीब म्हणून ओळखली जात नाही. पण जिथं कुणी जातच नाही, त्या जागेची काळजी कुणाला असणार? मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशावरून पाडले गेले. लोकांच्या आयुष्यभराच्या कमाया मातीत गेल्या. नदीची रेषा कुठून जाते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, तर ते प्लॉट विकले तरी गेले असते का? आता नदीसुधारच्या नावाखाली काठावर वॉकवे आणि भिंतींचे आराखडे येतात. मला विचाराल तर आधी पाणी, मग बाकडी. घाण पाण्याशेजारी सेल्फी पॉइंट बांधून नदी सुधारत नाही. बाझलनं आधी सांडपाण्यावर पैसा घातला, म्हणून आज घाटावर गर्दी आहे.

तुमच्या हातात काय आहे तेही सांगते. दरवर्षी पर्यावरणाचा प्रोजेक्ट असतो. आपण काय करतो? सीनियरची पीडीएफ घेतो, नाव बदलतो, सबमिट करतो. यंदा ते करू नका. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत शिकवतात. एकाच दिवशी रावेतला एक नमुना घ्या आणि दापोडीला एक. शहरात शिरताना नदीत जीव किती होता आणि बाहेर पडताना किती उरला, ते आकड्यात दिसेल. हातमोजे घाला, पाण्यात उतरू नका, एकट्यानं जाऊ नका. दर महिन्याला त्याच जागी जा. पुढची बॅच आली की वही तिच्या हातात द्या. पाच वर्षांची अशी वही घेऊन नगरसेवकाकडे गेलात किंवा आराखड्यावर हरकत नोंदवलीत, तर ‘वास येतो हो’ या तक्रारीपेक्षा तिचं वजन जास्त असेल.

आणि युरोपला जरूर जा. मास्टर्सला जा, नोकरीला जा, फिरायला जा. तिथल्या पुलावर उभं राहून फोटो काढा. पण तिथल्या कुणी विचारलं, ‘तुझ्या गावाला नदी आहे का?’, तर ‘आहे, पण मी कधी पाहिली नाही’ असं सांगायची वेळ येऊ देऊ नका. मला ताईच्या मैत्रिणीनं हेच विचारलं होतं. मी दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी चिंचवडगावात गेले. मंदिराच्या मागे घाट उतरले. वास येत होता. पाणी काळपट होतं. पण एक आजी पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, ‘‘लग्न होऊन आले तेव्हा याच पाण्यात धुणं धुवायचो, आणि प्यायलाही इथूनच न्यायचो.’’ मी त्यांच्याशेजारी बसले. थेरगावात वीस वर्षं काढून पवनेच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच आले होते. तुम्ही या रविवारी या. सकाळी सातच्या आत या, ऊन चढायच्या आधी.