यंत्राचा लगाम कोणाच्या हाती?

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर गिरणी उद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. ज्या श्रमाने मुंबई घडविली, त्याला आता प्रदर्शनात जागा! १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र संपल्या. मालकांना नव्या यंत्रांपेक्षा जमिनीचे भाव प्रिय होते आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना नवे यंत्र वैरी वाटत होते. दोघांच्या ओढाताणीत पिढ्यांचे कौशल्य मातीमोल झाले.

यंत्रमानवाच्या निमित्ताने तोच खेळ पुन्हा मांडला जात आहे. ‘रोबो आला की भाकरी गेली’ ही डाव्यांची जुनीच आरोळी. पण २०२३ साली जगात बसविलेल्या ५,४१,३०२ औद्योगिक यंत्रमानवांपैकी २,७६,२८८ एकट्या साम्यवादी चीनने बसविले. भारताने अवघे ८,५१०. यंत्रमानव कामगारद्रोही असेल, तर बीजिंगच्या कॉम्रेडांना तसा जाब यांनी कधी विचारला?

दुसरीकडे, परदेशी रोबो शेडमध्ये उभा केला की आपण आधुनिक झालो, असे मानणारे कारखानदार आहेत. त्यांना प्रश्न एवढाच, की त्या यंत्राला आज्ञा कोणी लिहून दिल्या?

धातुकामात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. यंत्रमानवाचा हात सीएनसी यंत्राइतका ताठ नसतो. कटर धातूत शिरला की हात किंचित दबतो, टूल थरथरते, माप चुकते. म्हणून कठीण पोलादाचे अचूक काम सीएनसीकडेच राहते. ओतकामाची बर काढणे, कडा छाटणे, पॉलिश करणे ही कामे यंत्रमानवाला शोभतात. तेथेही कटर कोणत्या बाजूने आत न्यावा, फीड किती ठेवावा, हाताची कोणती ठेवण भक्कम, हे केवळ संगणकाच्या पडद्यावर ठरत नाही. आवाजावरून टूल बोथटल्याचे ओळखणारा टर्नर-फिटर ते जाणतो. प्रोग्रॅम लिहिण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे. आपण मात्र त्याला बटण दाबण्यापुरते उभे करतो!

शिवाय प्रत्येक कंपनीची आज्ञाभाषा निराळी. कूकाची केआरएल, एबीबीची रॅपिड, फानुकची कॅरल. त्यांपैकी जर्मनीची कूका २०१७ च्या आरंभी चीनच्या मिडिया कंपनीच्या ताब्यात गेली. यंत्र आपल्या अंगणात आणि किल्ली परक्याच्या कनवटीला, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

आपल्याला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. टाटा मोटर्सच्या टाल कंपनीने पुण्यात ‘ब्राबो’ घडवून २०१७ साली बाजारात आणला. गिरण्यांना शिकलेली माणसे हवीत म्हणून १८८७ साली याच मुंबईत तंत्रसंस्था निघाली. आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था ती हीच. मग आज आयटीआयमध्ये लेथइतक्याच सहजतेने यंत्रमानवाचे प्रोग्रॅमिंग का शिकवू नये? कामावर असलेल्या कारागिरांसाठी मराठीतून सायंवर्ग का नसावेत?

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापन केला. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण ही त्या संघटनेची त्रिसूत्री. यंत्रमानवाच्या युगात उद्योगांचे श्रमिकीकरण म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे बोट श्रमिकाचे असणे. ते आज साधले नाही, तर काळाचौकीनंतर उद्या चाकण आणि भोसरीतही संग्रहालयेच उभारावी लागतील.