पावतीपुस्तके पाच, दाता एकच

यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे एकाच आठवड्यात पाच पावतीपुस्तके येऊन गेली. शाळेचे छप्पर, वाचनालय, वसतिगृह, व्याख्यानमाला आणि पाचवे कशाचे ते नेणाऱ्यालाही नीट सांगता येईना. पाचही मराठीच्या नावाने, आणि पाचही शेवटी गेली त्याच चार पेढ्यांवर. तिसऱ्याला चहा मिळाला, पाचव्याला "शेठ बाहेरगावी आहेत."

यावर आमच्यातले जाणते म्हणतात, ज्याने त्याने आपले बघावे. या जाणत्यांना आम्ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय महाविद्यालयांची हकिकत ऐकवू इच्छितो. परक्यांची म्हणून कानाआड करू नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. १९४६ च्या सुमारास बाबासाहेबांनी ज्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, ते अशाच एका कॉलेजचे, नॅशव्हिलच्या फिस्कचे, विद्यार्थी.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने गेली, पण दक्षिणेतील गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे बंदच राहिली. मिशनांनी आणि त्या समाजाने स्वतःची कॉलेजे काढली. पैसा नव्हता. फिस्कच्या मुलामुलींनी १८७१ मध्ये गायनपथक काढले, गावोगाव गायले आणि त्या कमाईतून ज्युबिली हॉल उभा केला. मग हॅम्प्टननेही पथक काढले. प्रत्येकाचे पथक वेगळे, झोळी वेगळी, आणि दार बहुधा उत्तरेकडील त्याच धनिकांचे. १९३० नंतरच्या मंदीत ती दारेही किलकिली झाली.

टस्कीगीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन (मूळचे पशुवैद्य, हे मुद्दाम सांगतो) यांनी १९४३ मध्ये वर्तमानपत्रात लिहिले की, प्रचारावर प्रत्येकजण जी किडुकमिडुक खर्च करतो ती एकत्र करू आणि देशापुढे एकच हाक घालू. २५ एप्रिल १९४४ रोजी २७ कॉलेजांनी मिळून युनायटेड नीग्रो कॉलेज फंड स्थापला. पहिल्याच मोहिमेत साडेसात लाख डॉलरच्या वर जमले. वाटपही ठरवून: काही भाग सर्वांना समान, काही सूत्राने.

"मोठ्या संस्थेने आपले देणगीदार का वाटून घ्यावेत?" हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. टस्कीगी त्या कॉलेजांतली नामांकित संस्था, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी वाढवलेली. एकत्र येण्याची सूचना आली ती तिच्याच अध्यक्षांकडून! आमच्यातील मोठ्या संस्थांनी हे दोनदा वाचावे.

एकजूट ही जादूची कांडी नव्हे. व्हर्जिनियातील सेंट पॉल्स कॉलेज १८८८ मध्ये निघाले, २०१३ मध्ये बंद पडले. तरी फंडाने वाट सोडली नाही. आज ३७ कॉलेजे सभासद आहेत, आणि आता सर्वांचा मिळून कायम निधी उभारणे चालू आहे. त्यासाठी २०२४ मध्ये लिली एंडोमेंटने १० कोटी डॉलर दिले, २०२५ मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी ७ कोटी. अशी रक्कम ३७ वेगवेगळ्या पावतीपुस्तकांवर आली असती का?

दुसरे जाणते त्याहून घातक. ते म्हणतात, समाजच देतो आहे, मग सरकारकडे कशाला भांडायचे? अमेरिकेत हेही झाले. २०२३ मध्ये तेथील केंद्रीय मंत्र्यांनीच १६ राज्यांच्या गव्हर्नरांना लिहून कळवले की, तीन दशकांत कृष्णवर्णीयांच्या सरकारी कृषी विद्यापीठांना मिळायला हवे होते त्यापेक्षा १२०० कोटी डॉलरहून अधिक कमी दिले गेले. मेरीलँडमधील मंडळी कोर्टात पंधरा वर्षे लढली आणि २०२१ मध्ये ५७ कोटी ७० लाख डॉलर मान्य करून घेतले. देणगी म्हणजे हक्कावर पाणी सोडणे नव्हे. सीमाभागातील मराठी शाळांचे शिक्षक, पुस्तके, इमारती ही सरकारची जबाबदारी आहे, ती एका रुपयानेही कमी होत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत: पाच संस्था, एक पावतीपुस्तक, एक हिशेब, आणि वाटपाचे सूत्र आधी छापून. विरोध करणाऱ्यांनी अवश्य यावे. येताना गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च आणावा, आणि छपाई, प्रवास, हारतुरे वजा जाता शाळेच्या छपरापर्यंत किती पोहोचले, ते उभे राहून वाचून दाखवावे.