अर्ध्या तिकिटाचा पूर्ण दिवस

शेजारच्या काकूंचा मुलगा इटलीत नोकरीला आहे. मागे त्याने फ्लॉरेन्सचे फोटो पाठवले. तिथे म्हणे लोक मुक्काम एकाच ठिकाणी ठेवतात, सकाळी साध्या रेल्वेने तासाभरात पिसाला जातात, तो कललेला मनोरा पाहतात, सोबत नेलेलं खातात आणि संध्याकाळी परत. स्वस्तात काम. फोटो पाहता पाहता काकू म्हणाल्या, "मले अमरावतीत येऊन पस्तीस वर्षं झाली, पण कौंडण्यपूर काही पाह्यलं नाही बाप्पा."

मीही पाहिलं नव्हतं. चाळीसेक किलोमीटरवर रुक्मिणीचं माहेर, आणि माझं अकोल्याचं माहेर शंभर किलोमीटरवर असून तिथे वर्षातून चार चकरा!

मैत्रिणींनो, आपण घराबाहेर पडत नाही असं नाही. लग्नाला जातो, मयतीला जातो, दवाखान्यात जातो. पण प्रत्येक जाण्याला कारण लागतं आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं. त्यावरून टोमणेही झाले, की बाया आता घरी थांबतच नाहीत. मी गाडीत शेजारी बसलेल्या बाईला नेहमी विचारते, कुठे निघालात? लेकीचं बाळंतपण, सासऱ्यांची तपासणी, बँकेचं काम. 'फिरायला निघाली' असं सांगणारी मला अजून भेटायची आहे.

म्हणून भिशीच्या आम्ही आठजणींनी ठरवलं, भिशी यावेळी कौंडण्यपूरला. घरी सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, "काहून वं, कोनाचं लगन हाय?" नवरोजींचा प्रश्न वेगळा होता, "दुपारच्या जेवणाचं काय?" भाजी करून ठेवली, पोळ्या डब्यात ठेवल्या. (त्या दिवशी दोन्ही जशाच्या तशा राहिल्या, आणि बापलेक बाहेरून समोसे आणून जेवले.)

कुऱ्ह्यावरून गाडी गेली. वर्धा नदीच्या काठी उंचावर मंदिर आहे. इथल्या उत्खननात फार जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. कृष्णाला स्वतःच पत्र पाठवणारी ही मुलगी. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला म्हणून निघाली आणि तिथूनच त्याच्यासोबत गेली, असं आपल्याकडे सांगतात. म्हणजे बाहेर पडायला देवदर्शनाचं कारण तिलाही लागलं होतं!

दर्शन अर्ध्या तासात झालं. मग नदीकाठी दोन तास नुसत्या बसलो. आलूची भाजी, पोळ्या, ठेचा खाल्ला. एकमेकींना वीस वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी कळलं की आमच्यातली एक शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळली होती. भिशीत हे कधी निघालं नव्हतं. तिथे कोणाचं तरी लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतंच. खर्च म्हणाल तर अर्धं तिकीट, चहा आणि पेरू. २०२५ च्या जानेवारीत एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरीही हे आपल्या पदरच्या पैशात बसतं.

आता कडू भाग. परतताना एका स्टँडवर गाडी बदलली. बायकांच्या मुतारीच्या दाराला कडी नव्हती, आत पाणी नव्हतं. एकीने बाहेरून दार धरायचं, असं आळीपाळीने उरकलं. आमच्यातल्या एकीने मात्र हे होणारच म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिला लघवीला जळजळ आणि ताप. औषधाला लागलेले पैसे तिच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त. सरकारने अर्धं तिकीट दिलं, चांगलंच केलं. पण कडी आणि पाणी नसेल तर ती सवलत आम्हाला तहानलेलं राहूनच वापरावी लागते. आम्ही आठजणींनी सही करून आगारात अर्ज दिला आहे. तुमच्या गावच्या स्टँडचीही हीच अवस्था असेल तर तुम्हीही द्या. अर्जाची पोच मात्र घ्या.

अकोल्याच्या वहिनीला हे सांगितलं तर तीही तयार झाली. तिला बाळापूर जवळ आहे, पंचवीसेक किलोमीटर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. शेगाव तर अकोलेकरांना रेल्वेने तासाभराच्या आत, आणि तिथली स्वच्छता पाहून आमचे स्टँड असे का, हा प्रश्न पुन्हा पडतो. रेल्वेत अर्धं तिकीट नाही हे लक्षात असू द्या. चिखलदरा पहिल्याच खेपेला नको. घाट लागतो, पोटात ढवळतं आणि सारं लक्ष परतीच्या गाडीकडे राहतं. कुठेही गेलात तरी उतरल्याबरोबर शेवटची गाडी कितीची, हे चौकशी खिडकीवर विचारून घ्या आणि तिच्या आधीचीच पकडा.

माझ्या मनात पुढचं गाव रिद्धपूर आहे. बी.ए.ला महदंबेचे धवळे अभ्यासाला होते. मराठीतली आद्य कवयित्री, तिने रुक्मिणीच्या लग्नाची ही गाणी तेराव्या शतकात याच गावी रचली, हे परीक्षेत मी छान लिहिलं होतं. ते गाव आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे, तरी पाय कधी तिकडे वळले नाहीत. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच झालं आहे.

सासूबाईंनी परवा हळूच विचारलं, "मले नेतं का?" त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, म्हणजे एसटीत तिकीटच नाही. अडचण गुडघ्यांची आहे. तिथे पायऱ्या किती, टेकायला जागा कुठे आणि मुतारी कशी, हे आधी मी आणि काकू जाऊन पाहून येणार आहोत. येत्या गुरुवारी.